आर्गिरोची पंगत

माझ्या होडीतून आमचं बेट बघायला येणाऱ्यांना मी तीन गोष्टी दाखवतो. चाच्यांच्या काळातला टेहळणीचा बुरूज, जिच्यात शिरलं की अंगसुद्धा निळं दिसायला लागतं ती गुहा, आणि समुद्रात घुसलेल्या खडकावरचं संत मरीनाचं पांढरं चर्च. चर्चच्या पायऱ्यांवर उतरवताना मात्र एक सूचना देतो, की इथे आर्गिरो नावाची बाई भेटली तर मुकाट्याने तिचं ऐका. पोहण्याच्या कपड्यांत चर्चच्या भिंतीवर चढून फोटो काढून घेणाऱ्या एका धिप्पाड पाहुण्याला तिने भर दुपारी स्वतःचा एप्रन गुंडाळून खाली उतरवलं होतं. तो बिचारा एप्रन घालूनच माझ्या होडीत बसला. तो एप्रन परत करायला मला दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जावं लागलं, तेव्हा पाहुणे सांभाळता येत नसतील तर शेळ्या राख, असं ती मला म्हणाली.

आर्गिरोचा धंदा म्हणजे भाड्याच्या खोल्यांतल्या चादरी धुणं. तिचा नवरा लिनार्दोस मासेमार. तिच्या उलट, गरीब स्वभावाचा. त्याची आयुष्यात एकच इच्छा होती. मरीनाची तसबीर आमच्याकडे चर्चमध्ये राहत नाही, वर्षभर कुणातरी एकाच्या घरी राहते. ज्याच्या घरी तसबीर, त्याने जुलैमधल्या सणाच्या संध्याकाळी चर्चपाशी येईल त्या प्रत्येकाला जेवू घालायचं. ओळखीचा असो, वाटसरू असो, विचारायचं नाही. जेवणं उरकली की दारात उभं राहून हाक द्यायची, "पुढे कोण नेणार?" पूर्वी यासाठी नंबर लागायचे. लिनार्दोसने तरुणपणी नाव दिलं होतं. त्याची पाळी जवळ आली आणि जाळी विणता विणता तो बसल्या जागी गेला.

त्याचा धाकटा भाऊ झाहारियास आमच्या गावचा खाटीक. त्याने वहिनीला समजावलं, की पाळी सोडून दे. एकट्या बाईने जेवणाची मडकी कशी उचलायची, लाकडं कुणी फोडायची? आर्गिरोने ऐकून घेतलं आणि पुढच्या सणाला सगळ्या पुरुषांच्या नाकावर टिच्चून तसबीर घरी नेली. लावली कुठे, तर कपडे धुण्याच्या मशीनच्या वर. दिवाणखान्यात बसून बसून मरीनाला कंटाळा आला असेल, म्हणाली.

त्याच वर्षी आमच्या नगराध्यक्षांनी पर्यटकांसाठी रंगीत माहितीपत्रक काढलं. त्यात बुरूज, गुहा, चर्च होतंच, शिवाय सणाचं जेवणही छापलं. मग त्यांच्याच लक्षात आलं, की शेजारच्या बेटांवरून बोटी भरून लोक येतील. त्यांनी चौकात सगळ्यांसमोर आर्गिरोला सुचवलं, अथेन्सहून आचारी बोलवू, तिकीट ठेवू, तुम्ही आरामात बसा.

"मरीनाच्या जेवणाला तिकीट?" आर्गिरो म्हणाली. "तुमच्या आईने तुम्हाला वाढताना लावलं होतं का?"

लोक हसले, नगराध्यक्ष हसले नाहीत. एक जरी माणूस उपाशी परतला, तर पुढच्या वर्षीपासून सण नगरपालिकेचा, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. आणि तसबीर न्यायला कुणी उभं राहिलं नाही तरीही तेच. मग तसबीर मोठ्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत जाईल. आर्गिरोनंतर यादीत कुणाचंच नाव नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. चालेल, म्हणून ती चादरी वाळत घालायला निघून गेली.

सणाला मुख्य पदार्थ छोले. मातीच्या मडक्यात कांदा, तमालपत्र, ऑलिव्हचं तेल घालून रात्रभर भट्टीत ठेवायचे. पण ते शिजायला पावसाचंच पाणी लागतं. नळाच्या पाण्यात ते दगडासारखे राहतात, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो, आणि त्या हिवाळ्यात तो जेमतेम पडला. आर्गिरोने अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात. झाहारियास बकऱ्यांसाठी बादलीभर पाणी मागायला आला, तर त्याला रिकाम्या बादलीनिशी परत पाठवलं. तेव्हापासून दिराने वहिनीशी बोलणं टाकलं.

सणाच्या दिवशी मी दुपारपासून माणसं वाहत होतो. एवढी गर्दी मी त्या खडकावर कधी पाहिली नव्हती. चर्चला लागून जेवणाची लांबट खोली आहे, तिथे पंगती बसतात. पहिली पंगत गावाची, हा आमचा रिवाज. नगराध्यक्ष पुढे, त्यांच्यामागे झाहारियास, मग आम्ही बाकीचे, सगळे सकाळपासून पोट रिकामं ठेवून आलेले. दारात आर्गिरो डाव घेऊन आडवी उभी.

"घरच्यांनी मागे व्हा," ती म्हणाली. "पाहुणे आधी."

झाहारियासचं मौनव्रत तिथेच सुटलं. "मी घरचा? बादलीभर पाणी दिलं नाहीस, आणि आज मी घरचा?"

"आज घरचा. ताटं उचल."

का कोण जाणे, त्याने उचलली. त्याने उचलली म्हणून आम्ही उचलली. नगराध्यक्षांच्या हातात कुणीतरी वाइनचा जग दिला, आणि फोटो निघत होते म्हणून त्यांना हसत हसत वाढावं लागलं. पंगतीमागून पंगत उठत होती. छोले लोण्यासारखे शिजले होते. त्या वासाने माझ्या पोटात खड्डा पडला, आणि समोरची बाई तिसऱ्यांदा मागत होती. आर्गिरो तिला आग्रह करून वाढत होती. खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला.

सूर्य बुडता बुडता शेवटच्या पाहुण्याने पावाने ताट पुसून खाल्लं आणि शेवटचं मडकं वाजलं. आत काही नव्हतं. नगराध्यक्षांनी जग खाली ठेवला.

"हरलात बाई. अख्खं गाव उपाशी आहे."

"गाव यजमान आहे," आर्गिरो म्हणाली. "यजमान उपाशी राहिला म्हणजे पाहुणा उपाशी गेला, असं तुमच्या घरी म्हणत असतील. माझ्या घरी नाही."

पण दुसरी अट शिल्लक होती. आर्गिरो तसबीर घेऊन दारात आली. रात्रभर भट्टीपुढे उभी राहून तिचा चेहरा लाल झाला होता. तिने हाक दिली, "पुढे कोण नेणार?"

सगळे समुद्राकडे बघायला लागले. नगराध्यक्ष पुढे झाले आणि तसबिरीसाठी त्यांनी हात पसरले. लिनार्दोसने जन्मभर जिची वाट पाहिली, ती गोष्ट आता काचेत जाणार होती. आर्गिरोने मात्र नगराध्यक्षांकडे बघितलंसुद्धा नाही. ती झाहारियासला म्हणाली, "बाईचं काम नाही म्हणाला होतास. बाईने केलं. आता तुझ्यातल्या पुरुषाला विचार, त्याला जमेल का."

झाहारियासने खांद्यावरचा फडका काढून जमिनीवर आपटला. भुकेने आणि संतापाने त्याचा आवाज फाटला होता.

"आण इकडे. पुढच्या वर्षी माझ्या घरी. आणि या बाईला मी पहिल्या पंगतीला बसवणार. उठू देणार नाही. नको नको म्हणेपर्यंत वाढणार आहे हिला, अख्ख्या गावासमोर."

गाव टाळ्या वाजवायला लागलं. नगराध्यक्षांनी पसरलेले हात खिशात घातले. आर्गिरोने तसबिरीवरून एकदा एप्रनचं टोक फिरवलं आणि ती दिराच्या हातात दिली. मग गळ्यातली किल्ली काढून तीही त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुझी टाकी लहान आहे," ती म्हणाली. "माझीही भरून ठेव. आणि बकऱ्यांना त्यातला एक थेंब देशील तर बघ."