बाराव्या मजल्यावरची विशाखा

विशाखाच्या भावाचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी बँकेतून नुकतीच मुलुंडला घरी पोचले होते. "नीलमताई, ताई गेली," तो म्हणाला. आणि खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. विशाखा गेली म्हणजे बाहेर गेली, खाली उतरली, असंच माझ्या डोक्यात आलं. वर्ष उलटून गेलं होतं, ती तिच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून खाली आली नव्हती. "कुठे गेली रे?" मी विचारलं. पलीकडून त्याच्या बायकोचा रडण्याचा आवाज ऐकू आला आणि मी होते तिथेच, चप्पलसुद्धा न काढता, जमिनीवर बसले.

आमची ओळख पालिकेच्या इस्पितळातली. पोलिओ झालेल्या मुलांना जिथे कॅलिपर आणि बूट करून देत, त्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी आपापल्या आयांबरोबर माप द्यायला बसलो होतो. आठ-नऊ वर्षांच्या असू. माझा डावा पाय लुळा, बाकी सगळं ठीक. विशाखानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझा एकच? माझे दोन्ही." मोठ्या घरात राहणाऱ्या मुलीनं लहान घरातलीला सांगावं, तशा ऐटीत. मला हसू आलं, तिलाही आलं आणि मैत्री झाली. माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते, आम्ही चाळीत राहायचो, मूळचे कणकवलीकडचे. ती घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहायची. तिची आई तिला पाठुंगळी घेऊन टेकडी उतरायची. आईचे गुडघे गेले तेव्हा ते काम धाकट्या मिलिंदकडे आलं, आणि पुढची तीसेक वर्षं त्याच्याकडेच राहिलं.

कॅलिपरचा विशाखाला उपयोग झालाच नाही. वस्तीतल्या त्या उंच-सखल पायऱ्यांवरून ते घालून चालणार कोण? घरात ती हातांवर सरकत फिरायची. टेकडीच्या पायथ्याशी, किराणाच्या दुकानामागे, तिची हातानं चालवायची तीनचाकी सायकल साखळीनं बांधलेली असे. मिलिंदच्या पाठीवरून उतरायचं, सायकलवर बसायचं आणि मग दिवसभर ती कुणाचं ऐकायची नाही. दहावी झाली, बारावी झाली. मग अपंगांच्या कोट्यातून तिला टेलिफोन बूथ मिळाला. पिवळ्या पत्र्याची ती टपरी म्हणजे विशाखाचे सुखाचे दिवस. गावी फोन लावायला सगळी वस्ती तिच्याकडे यायची. कुणाची बहीण बाळंत झाली, कुणाचा भाऊ दुबईत अडकला, सगळं तिला आधी कळायचं आणि ती कुणाचं कुणाला सांगायची नाही.

त्या बूथवरच अरविंद भेटला. सरकारी कचेरीत कारकून, लहानपणी अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेलेला, जयपूर फूट घालून चालायचा. दर रविवारी तो कोकणात आईला फोन करायला यायचा. मग मधल्या वारीही यायला लागला. विशाखा लाजली वगैरे नाही. मला म्हणाली, "नीले, हा माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघतो गं. पायांकडे बघतच नाही." लग्नाचं त्यानंच विचारलं. आईशी बोलून सांगतो, म्हणाला. पुढच्या रविवारी तो बूथमध्ये शिरला, गावी फोन लावला, बराच वेळ नुसता हं हं करत राहिला आणि बाहेर येऊन उभा राहिला. पुढचं विशाखानं मला नंतर सांगितलं, हसत हसत. तो म्हणाला, "आईचं म्हणणं, पांगळी सून एक वेळ चालली असती, पण…" आणि तिथेच अडला. तिनं त्याला म्हटलं, "बोल ना पुढे. मीटर बंद झालाय, आता फुकट आहे." तो परत त्या बूथवर आला नाही.

तिच्या समाजातलंही एक स्थळ आलं होतं. बिजवर, दोन मुलं. माणूस बरा होता. चहा पिऊन झाल्यावर त्यानं मिलिंदला एवढंच विचारलं, "नळावरून पाणी कोण भरणार?" ते स्थळ तिथेच फिसकटलं. माझं लग्न झालं. माझ्या लंगड्या पायाला आमच्या आडनावाची जोड होती आणि मला नोकरी होती. तडजोड करायला सासरचे तयार झाले. विशाखा लग्नाला आली होती. हॉल पहिल्या मजल्यावर, मिलिंदच्या पाठीवरून आली, आणि माझ्या सासूनं मला हळूच विचारलं, "ती कोण गं?" मी म्हटलं, माझी मैत्रीण. सासूला तेवढं पुरलं नाही, हे मला दिसत होतं.

पुढे अपंगांच्या एका संस्थेनं वधूवर मेळावा घेतला, तेव्हा मीच तिला आग्रह करून नेलं. इथे तरी कुणी पायांकडे बघणार नाही, असं मला वाटलं होतं. स्टेजवर एकेकाचं नाव, वय, अपंगत्व आणि जात माईकवरून वाचून दाखवत होते. काही जण त्यावर, "अमुकतमुक सोडून कोणतीही चालेल," असंही सांगायचे. कुबड्यांवरची माणसं, काळे चष्मे लावलेली माणसं… त्या अमुकतमुकमध्ये विशाखा प्रत्येक वेळी होती. तिचं नाव पुकारल्यावर तिनं माईक मागून घेतला आणि म्हणाली, "जात वाचणं बंद करा." संस्थेचे चिटणीस चांगले गृहस्थ होते, दोन्ही डोळ्यांनी अंध. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, इथे आपण सगळे एकच आहोत. तुम्ही जात मध्ये आणू नका." ती म्हणाली, "मी आणली? मघापासून तुम्हीच वाचताय ना?" लोक हसले. पण वाचणं चालूच राहिलं.

त्याच वर्षी तिनं वस्तीतल्या विहाराच्या समितीकडे उतार बांधून मागितला. विहार वरच्या बाजूला, चढायला अरुंद जिना. मिलिंद कामावर असला की ती खाली सायकलवर बसून भोंग्यावरून वंदना ऐकायची, ओठ हलवत. समितीतला एक कार्यकर्ता, तिला लहानपणापासून ओळखणारा, म्हणाला, "विशाखा, वस्तीला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तू रॅम्प मागतेस? तुझं नंतर बघू." त्याच्यावर ती चिडली नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ते नंतर कधी आलं नाही.

एकदा मात्र मी तिला खूष पाहिलं. आम्ही टॅक्सी करून जुहूला गेलो होतो, ती, मी आणि मिलिंद. व्हीलचेअर वाळूत रुतली, मिलिंद तिला उचलायला वाकला, तर ती म्हणाली, "नको, सोड." आणि हातांवर सरकत सरकत पाण्यापर्यंत गेली. लोक थांबून बघत होते. लाट अंगावर आली तशी ती खदखदून हसली. ओल्या कपड्यांत परतताना मला म्हणाली, "मला इथेच सोडून जायला हवं होतंत."

मोबाइल आले आणि बूथ ओस पडला. थोडे दिवस तिनं झेरॉक्स चालवलं, मग रस्ता रुंद करताना टपरीच गेली. ती टेकडीवरच्या घरात अडकली. तेवढ्यात वस्तीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, आणि सगळ्यात जास्त धावपळ कुणी केली असेल तर विशाखानं. अर्धी वस्ती बिल्डरवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. ही मिलिंदच्या पाठीवर बसून घरोघर गेली, बायकांना समजावत बसली. मला फोनवर सांगायची, "लिफ्ट असणार गं! बटण दाबलं की खाली. मिलिंदची पाठ सुटेल, माझी लाज सुटेल." तिच्या तोंडून लाज हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

घरं सोडतीनं मिळाली. तिला बारावा मजला आला. तळमजला दुकानांचा, पहिल्या मजल्यावरचं कुणी बदलून द्यायला तयार नाही. सुरुवातीला काही महिने ती खरोखर रोज खाली उतरायची, गेटपाशी बसायची, भाजीवाल्याशी भांडायची. मग लिफ्ट बंद पडली. दुरुस्त झाली, परत बंद पडली. दुसरी लिफ्ट तर कधी सुरूच झाली नव्हती. तोवर मिलिंदची पाठ कायमची गेली होती. डॉक्टरांनी त्याला बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलेलं. खाली आवारात झालेल्या सोसायटीच्या सभेत मिलिंदनं फोन स्पीकरवर ठेवला आणि विशाखानं वरून लिफ्टचं विचारलं, तेव्हा एक जण म्हणाला, "तुला कुठे जायचं असतं रोज?" मलाही तिच्याकडे फार जाता आलं नाही, माझ्या पायाला बारा मजले झेपेनात. आम्ही फोनवर बोलायचो. अलीकडे ती बोलायची कमी. एकदा म्हणाली, "टेकडीवर होते तेव्हा दारातून माणसं तरी दिसायची, नीले. ही वाट मीच लावली माझी." मी काहीतरी धीराचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे ते खोटंच असणार.

शेवटी ताप आला, छातीत कफ भरला. पाठीचा कणा वाकलेला, फुप्फुसांना जागा कमी. श्वास लागायला लागला तेव्हा लिफ्ट बंद होती. शेजारच्या चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीनं बांधलं आणि जिना उतरायला लागले. मधे एका मजल्यावर ते धापा टाकत थांबले. विशाखा त्यातल्या एकाला म्हणाली, "दमलास ना रे? बस जरा." त्यानंतर ती बोलली नाही. खाली रिक्षा उभी होती, दवाखाना जवळच होता. डॉक्टर म्हणाले, आणण्याआधीच गेली आहे. नेमकी कुठल्या मजल्यावर गेली, हे मिलिंदला माहीत नाही. तो हे मला तीनदा म्हणाला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इमारतीच्या आवारात झाला. अपंगांच्या संस्थेकडून आलेले पाहुणे दिव्यांगांच्या या लढवय्या भगिनीबद्दल बोलले, समितीचे कार्यकर्ते समाजाच्या या लेकीबद्दल बोलले. दोघांनीही मनापासून भाषण केलं. मी मागे बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, दोन निराळ्या बायका वारल्यात, आणि माझी मैत्रीण त्या दोघींतली एकही नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. लिफ्ट चालू होती. मिलिंदच्या बायकोनं चहा ठेवला. घरात विशाखासाठी सगळं खालीच होतं, आरसा, कॅलेंडर, टॉवेल अडकवायचे खिळे, सगळं माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. आरसा आता वर गेला होता. खाली भिंतीवर त्याचा फिकट चौकोन आणि खिळ्यांची भोकं राहिली होती. "आमच्या पोरीला बघायला येणारेत," मिलिंदची बायको म्हणाली, "पुट्टी भरून घेणार आहोत." तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तेवढ्यात मिलिंद बाहेरून आला. दारात उभा राहून त्यानं "आलो गं" म्हटलं, खाली फरशीकडे बघत. मग मान वर करून त्यानं मला विचारलं, "कधी आलीस, नीलमताई?"