अर्थ सांगणारा टंकलेखक

कानडी मुलखातल्या आमच्या कमरीपेठेत अर्ज टाइप करून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या बाकावर मी रोज वर्तमानपत्र वाचतो. प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय ते सहीसाठी कागद पुढे करीत नाहीत. मला तो वेळेचा अपव्यय वाटे.

परवा एका शाळेतल्या शिपाईबाई आल्या. मुख्याध्यापकांच्या घरची भांडी घासण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना नोटीस मिळाली होती. सोबतच्या कारकुनाने माफीनाम्याचा मजकूर आणला होता : ‘मी इनसबॉर्डिनेट वागले.’

“म्हंजे काय, अण्णा?”

“लॅटिनातला शब्द, अक्का. ‘सब’ म्हणजे खाली, ‘ऑर्डो’ म्हणजे रांग, ‘इन’ म्हणजे नाही. लावलेल्या खालच्या रांगेत न राहणारी. साहेब लोक दोष म्हणून वापरतात.”

“मुकाट्यानं टाइप करा की!” कारकून खेकसला. “नाहीतर उद्यापासून शाळेचं काम बंद.”

“बंद करा री. अक्का, काय लिहू?”

“ह्यात माफी कसली? भांडी घासणार नाही, असं लिवा.”

त्यांनी माफीनामा कारकुनाला परत दिला, यंत्रावर कोरा कागद चढवला आणि बाईंचे वाक्य टाइप केले. साक्षीदाराची सही हवी होती. मी पेन काढले.