पिशव्यांची रांग

कोरोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात तहसीलमधून आदेश आला. सरकारी मदतीचं धान्य वाटलं जाईल तिथे, प्रत्येक रेशन दुकानावर, एक शिक्षक हजर पाहिजे. मला दर्यापूरजवळचं माझ्याच शाळेचं गाव मिळालं. राहायला मी अमरावतीत. पास दाखवत मोटरसायकलने पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं. पोरांवर हात उचलला म्हणून दोनदा समज मिळालेला माणूस मी. मला रांग सांभाळायला नेमणं हीच मुळात गंमत होती.

दुकानासमोर चुन्याची वर्तुळं मी स्वतः आखली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बहुतेक वर्तुळांत माणसंच नाहीत. एकेक पिशवी ठेवलेली, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात एक धोंडा. टँकरच्या पाण्यालाही तिथे असेच नंबर लागत. पिशवी ठेवली म्हणजे माणूस उभा आहे, असं गाव मानायचं. दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावत नसे. पाच वर्षं त्या गावात शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. मी सगळ्या पिशव्या उचलून निंबाखाली ढीग घातला आणि जे हजर होते त्यांना पुढे घेतलं.

तेवढ्यात आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई आली. आजारी सासूला चहा-गोळी द्यायला ती घरी गेली होती. सोबत तिचा दीर होता. नांदगाव पेठेत तो कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यापासून तो घरीच होता. घरातलं पीठ आदल्या दिवशीच संपलं होतं. चौथ्या वर्तुळात उभ्या माणसाला तिने बाजूला हो म्हटलं, त्याने तिला ढकललं. ती माझ्याकडे वळली.

"माही पिशवी चवथी होती, सर. पहाटपासून."

रांगेत माणूस लागतो, पिशवी चालत नाही, असं मी सुनावलं. ती हलेना. मी तिचा दंड धरून तिला ओढलं. दिराने ढिगातली एक पिशवी उचलली, तिचे बंद मनगटाला गुंडाळले आणि माझ्या डोक्यावर फिरवली. मी वाकलो. धोंडा तिच्या कपाळावर बसला.

मग ज्याच्या हाताला जी पिशवी लागली ती त्याने उचलली. एका म्हाताऱ्याचे दात पडले. वजनकाटा उलटला, तांदूळ मातीत गेला आणि त्यावरून लोक एकमेकांना तुडवत राहिले. नाक्यावरचे पोलीस आले ते काठ्या चालवतच. मी दिराकडे बोट दाखवलं. दोघांनी त्याला धरलं आणि मी एका शिपायाच्या हातातली काठी घेऊन त्याला मारलं. तो खाली बसला तरी मारलं. त्याने हल्ला केला, असं मी अहवालात लिहिलं. माझ्या काठीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी वाकलो होतो, त्या लाजेचा राग मी त्याच्या पाठीवर काढला.

दुकान बंद झालं. त्या दिवशी कुणालाच दाणा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा जमिनीवर एकही पिशवी नव्हती. प्रत्येक वर्तुळात माणूस उभा होता, भर उन्हात. चौथ्यात ती होती. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला, काखेत घडी घातलेली पिशवी. मी जवळ गेलो. सावलीत बसा, पिशवी इथे राहू द्या, तुमचा नंबर मी राखतो, असं म्हणालो.

"पिशवी तुमी मानत नाई ना, सर," ती समोर बघत म्हणाली. "मंग मी उभीच बरी."

दुकान उघडायला अजून दोन तास होते.