खालची सही

रशियन सरकारी कागदांत ‘पस्तानव्लेनिये’ हा शब्द सारखा येतो. वरून निघालेला हुकूम, एवढाच त्याचा अर्थ; पण इंग्रजीत त्याला ऑर्डर म्हणावं, डिक्री म्हणावं की रूलिंग, यासाठी मी दोन दिवस तीन शब्दकोश उपसत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मीनलला विचारलं. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी रशियन शिकलेली मुलगी! तिनं तो शब्द वाचलासुद्धा नाही. थेट शेवटचं पान काढून सही-शिक्का पाहिला.

“कोर्टाचा आहे, ताई. रूलिंग लिहा. मी आधी खालीच बघते. हुकूम कुणाचा, ते सहीवरून कळतं,” ती म्हणाली आणि डबा उघडून मला भेंडीची भाजी वाढली.

भाजी चांगली झाली होती, याचाही मला राग आला. काहींच्या घरी शब्द आपणहून चहाला येतात. मला मात्र त्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

संध्याकाळी निमूटपणे ‘रूलिंग’ टाइप केलं. अनुवादक म्हणून खाली ऐटीत सही ठोकली आणि मीनलसारखंच आधी खाली पाहिलं.

सही माझी होती. हुकूम मीनलचा होता.