बघून आलोय, मग सांगतोय

निपाणीत कुणी वारलं की ती बातमी गल्लोगल्ली पोचवायचं काम कित्येक वर्षं एकाच माणसाचं होतं. माझे धाकटे दीर, दत्तू भावजी. रिक्षाच्या टपावर कर्णा, हातात माईक, माईकला गुंडाळलेला निळा हातरुमाल, आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "बघून आलोय, मग सांगतोय!" मग बातमी. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी हिंडलग्याच्या घरी मी मेथी निवडत बसले होते आणि जाऊबाईंचा, मंगलचा, फोन आला, "आक्का, हे गेले... चहा पिऊन पाठ टेकली ती टेकलीच." त्या क्षणी माझ्या डोक्यात काय यावं? रडू नाही आलं. मनात आलं, आता हे गावाला सांगणार कोण? तेवढ्यासाठी तरी भावजींनी कुणाला तरी तयार करून ठेवायला हवं होतं, असं वाटून मला त्यांचा रागसुद्धा आला. त्यांनी तयार करून ठेवलं होतं हे मला दुपारी कळलं. पण ते पुढं.

मी लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा वीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली होते आणि स्वतःला कवयित्री समजत होते. ट्रंकेत साड्या चार आणि कवितांच्या वह्या सात. एक सोडून सगळ्या कवितांमध्ये चंद्र होता, आणि त्या एकीत अमावास्या होती. दत्तू भावजी माझ्याच वयाचे. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण आवाज असा की वखारीतली तंबाखूची धूळसुद्धा खाली बसावी. पुकारा करायचं काम त्यांनी नुकतंच धरलं होतं आणि सुरुवातीलाच एक घोटाळा करून ठेवला होता. कुठलीशी फिरती सर्कस आली होती. सर्कसवाल्यांनी कागद दिला तसा भावजींनी वाचला : हत्ती आहे, सिंह आहे, या हो या. बायका पोरं घेऊन गेल्या. सिंह होता, म्हातारा होता, पण होता. हत्ती मात्र नव्हताच. दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारात बायकांनी भावजींची रिक्षा अडवली. "दत्तू, हत्ती कुठं हाय रं? पोरगं रात्रभर रडलंय माजं." वर्षभर गाव त्यांना हत्ती म्हणून हाक मारत होतं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला. स्वतः बघितल्याशिवाय कर्ण्यातून शब्द काढायचा नाही. गुळाची जाहिरात असली तर खडा तोंडात टाकून यायचे. पाणी सुटणार असलं तर पाणी सोडणाऱ्याला गाठून यायचे. आणि मग कसं म्हणायचे ते...

"पाणी येतंय उद्या सकाळी, सहा ते साडेसात,
झोपंल त्याच्या घागरीत रिकामा फिरंल हात!"

एका चौकात मराठीत, पुढच्या चौकात कन्नडमध्ये, आणि सदलग्याकडं गेले की सगळं कन्नडमध्येच. यमक दोन्हीकडं शाबूत. कुणाच्या मरणाचा पुकारा असला तर आधी त्या घरी जायचे, चप्पल काढून घटकाभर बसायचे, गेलेल्याच्या पाया पडायचे आणि मगच रिक्षात चढायचे. "कर्ण्यातनं खोटं गेलं की कर्णा शिट्टी मारतोय वहिनी," असं त्यांचं शास्त्र. माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी वाजते हे आमच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भावजींनाही असावं. पण ते मान्य करायचे नाहीत.

तर अशा माणसाला मी, नवी नवरी, म्हणाले, "भावजी, तुमच्या ओळी जरा गावंढळ असतात. पुढचा मजकूर मी लिहिते." शहापूरच्या एका विणकराने चार दिवसांसाठी साड्या विकायला आणल्या होत्या. भावजी साड्या बघून आले होते, पदर गालाला लावून आले होते. मी मात्र घरात बसून लिहिलं, "हे मृगनयनी भगिनींनो! तिमिर सरला, वस्त्रांचा अरुणोदय जाहला!" तिमिर हा माझा तेव्हा अतिशय लाडका शब्द. कुठंही बसायचा. भावजींनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि वहिनीनं लिहिलंय म्हणून संध्याकाळी भर बाजारात जसाच्या तसा म्हटला. वखार सुटलेली, शे-दोनशे बायका रस्त्यावर. कर्ण्यानं लांबलचक शिट्टी मारली, आणि एका म्हातारीनं विचारलं, "आरं दत्तू, साड्या आल्यात का कोण मेलंय?"

गाव आठ दिवस हसत होतं. भावजींनी माझं नाव कुठंही घेतलं नाही. "माझंच डोकं फिरलं हुतं," म्हणाले सगळ्यांना. घरी आल्यावर मला एवढंच विचारलं, "वहिनी, साड्या बघितल्यासा व्हय तुम्ही?" मी बघितल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंना सोबत घेऊन ते मला साड्या दाखवायला घेऊन गेले. मी काठावर बोट फिरवलं आणि सहज म्हणाले, "हा काठ दहा धुण्यांत मऊ पडायचा नाही." भावजींनी तेवढंच वाक्य उचललं आणि दिवसभर पुकारलं. संध्याकाळपर्यंत साड्या संपल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी ओळ. ती ओळ आहे हे मला पुढची चाळीस वर्षं कळलं नाही, इतकी मी हुशार.

मग संसार झाला, आमचे हे गेले, लेकाची नोकरी बेळगावला म्हणून हिंडलग्यात घर झालं आणि मी निपाणी सोडून इकडं आले. आमच्या गॅलरीतून समोर तुरुंगाची लांब भिंत दिसते. नात वैदेही बावीस वर्षांची, दिवसा एका ऑफिसात काम करते आणि उरलेल्या वेळात रॅप करते. तिचं स्टेजवरचं नाव विंचू. घरात पाल दिसली तर हा विंचू पलंगावर चढून बसतो. तिनं मला सगळं समजावून सांगितलं : गोल करून उभं राहायचं, एकानं ओळी फेकायच्या, दुसऱ्यानं तिथल्या तिथं परतवायच्या. "आणि आज्जी, मेन म्हणजे रिअल असावं लागतं. गल्लीतून आलेलं. नाहीतर कोण ऐकत नाही."

"मग आपण कुठल्या गल्लीतले गं?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे! आपल्याकडं पार्किंग आहे, आज्जी."

पोर रडकुंडीला आली होती. बेळगावात स्पर्धा तोंडावर आलेली, आणि सांगण्यासारखं दुःख घरात एकही नाही. आता अशा वेळी आजीनं काय करावं? देवाला दिवा लावावा, गप्प बसावं. मी वही काढली. म्हटलं, अगं समोर एवढी भिंत उभी आहे, ती काय नुसती बघायला?

"तिमिरात वाढले मी, भिंत माझी साक्षी,
गजांआड फडफडते मी जखमी एक पक्षी!"

वैदेहीला आवडलं. मला तर फारच आवडलं. स्पर्धेत तिनं डोळे वटारून, हात नाचवून म्हटलंसुद्धा झकास. समोर वडगावच्या विणकराचा मुलगा होता, आमचं घर बघितलेला. त्यानं एक श्वास घेतला आणि सुनावलं, "जेलची भिंत गॅलरीसमोर, एवढाच तुझा संबंध! वरनं चहा फुर्र करतीस, कर ही नाटकं बंद!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी मागच्या खुर्चीत बसले होते. माझ्या कानात वखारीच्या बायका हसत होत्या... वैदेही घरी येऊन म्हणाली, संपलं, आता माईक धरायचा नाही. मैत्रिणी विचारत होत्या, असलं कशाला लिहिलंस? तिनं सांगितलं, माझंच चुकलं. माझं नाव घेतलं नाही. असं मला पाठीशी घालणारं माणूस आयुष्यात दुसऱ्यांदा भेटत होतं, आणि त्याही वेळी मी गप्पच बसले.

महिन्याभरानं भावजी डोळे तपासायला बेळगावला आले आणि आमच्याकडं उतरले. त्यांचा धंदा तेव्हा बसत आला होता. लोक मजकूर एकदाच यंत्रात भरून घेतात आणि रिक्षात लावून सोडतात, तोच आवाज दिवसभर. ते कुरकुरत नव्हते, पण हसायचे : "त्या यंत्राला सांगा की, साडी गालाला लावून ये म्हणावं." वैदेहीचं कळल्यावर त्यांनी तिला गॅलरीत बसवलं आणि ऐकव म्हणाले. तिनं खाली बघत ऐकवलं. भावजींनी समोरच्या भिंतीकडं बोट केलं.

"ह्या भिंतीच्या कुठल्या अंगाला वाढलीस गं तू? आतल्या का भाईरच्या?"

"बाहेरच्या, आप्पा."

"मग भाईरचं सांग की. भाईर काय न्हाय व्हय?" मग थोडं थांबून, माझ्याकडं अजिबात न बघता, "आनि हे शब्द तुझं न्हाईत पोरी. तिमिर म्हणणारी बाई ह्या मुलखात एकच हाय."

मी तिथून उठले. दूध उतू जात होतं, असं मी तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे घरात दूधच नव्हतं.

भावजी तिला घेऊन खाली गेले. भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी बायकांची रांग लागते. हातात पिशव्या, कडेवर पोरं. आम्ही ती रांग नेहमी बघत होतो आणि कधीच बघितली नव्हती. वैदेही तासाभरानं वर आली. त्यानंतर ती आठवडाभर जात राहिली. त्या बायकांपैकी दोघींना विचारून, त्यांचं नाव न घालता, तिनं लिहिलं. मी एका शब्दालाही हात लावला नाही. म्हणजे लावायला गेले होते, तिनं वही काढून घेतली.

"गॅलरीतनं दिसते रांग, बायकांची, पिशव्यांची,
आत कोण हाय इचारू नको, भाईर गर्दी आयांची.
एक आलती कणकुंबीहून, दोन बसी बदलून,
पोराला भेटाय नेसली साडी, लग्नातली काढून."

पुढच्या स्पर्धेच्या वेळी त्याच हॉलमध्ये भावजी पहिल्या रांगेत, मंगलनं इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात. वैदेहीनं हात नाचवले नाहीत. शेवटच्या ओळीला कुणी टाळी वाजवली नाही, पोरं नुसती उभी होती... वडगावच्या त्या मुलानं माईक खाली ठेवला आणि पुढं येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "आप्पा, कसं झालं?" मला वाटलं, आता म्हातारा कौतुक करील.

"शिट्टी न्हाय वाजली," भावजी म्हणाले.

तर त्या दिवशी आम्ही निपाणीला पोचलो तेव्हा दारात हाच घोळ चालला होता. पुकारा कुणी करायचा? कुणी म्हणालं, त्यांचाच जुना आवाज कुठं तरी भरलेला असंल, जोडून लावू. कुणी म्हणालं, मोबाईलवरून सांगू, काम झालं. मंगल कोपऱ्यात बसली होती, दिवसभरात पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाली, "यंत्र बघून येतंय व्हय? त्यांचा पुकारा असा करायचा न्हाय." वैदेही कुणाला न विचारता आत गेली. चप्पल काढली होतीच. भावजींच्या पायाशी बसली, त्यांच्या पावलांवर हात ठेवून घटकाभर तशीच राहिली, मग पाया पडली आणि बाहेर येऊन रिक्षात चढली. निळा रुमाल माईकवर तसाच होता. पालीला घाबरणारी माझी नात. तिनं माईक तोंडाशी धरला. मला वाटलं, आता हिला ओळी सुचतील का? की मी पटकन दोन ओळी...? देवाशपथ सांगते, पिशवीतलं पेन माझ्या हातात आलं होतं. मी ते परत ठेवलं.

"बघून आलेय, मग सांगतेय," वैदेही म्हणाली. पुढं एकही यमक नाही. "आमचे दत्तू आप्पा गेले. सकाळी चहा पिले आणि झोपेत गेले. तोंडावर त्रास दिसत न्हाय. मी बघितलंय." मग तेच, अडखळत, तिच्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. वखारीच्या रस्त्याला बायका पदर डोक्यावर घेऊन दारात आल्या. एका म्हातारीनं रिक्षावाल्याला थांबवून विचारलं, "ही कुणाची रं पोर? दत्तूसारखीच सांगतीया." मी मागच्या सीटवर होते. रडले ते तेव्हा, आणि समाधानानं रडले, तेही इथंच सांगून टाकते.

तेराव्याला मंगलनं तो माईक वैदेहीच्या हातात दिला. आता तो माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे, रुमालासकट. रुमालाला अजून गुळाचा आणि तपकिरीचा वास येतो. हा लेख लिहिताना पहिल्याच ओळीत तिमिर आला होता. वैदेहीनं भिंतीवरच्या माईककडं नुसतं बोट दाखवलं, मी तो खोडला. पूर्ण झाल्यावर मात्र मी त्या माईकसमोर उभी राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून काढलं. वैदेही दारातून बघत होती.

"आज्जी, त्याला वायर जोडलेली नाही."

"असू दे," मी म्हटलं. "शिट्टी वाजली का सांग."