शेवटचं पान सहाव्या तासाला

हेलमर गावात कुठलीही गोष्ट दोन दिवसांच्या वर झाकून राहत नाही. चर्चच्या जेवणात कुणाच्या सुनेनं कुणी शिजवून आणलेल्या हॉटडिशला नाक मुरडलं, कुणाचा ट्रॅक्टर कुणाच्या कुंपणात घुसला, सगळं दुसऱ्या दिवशी कॅफेत कॉफीबरोबर वाढलं जातं. मात्र एक गोष्ट गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक आहे आणि एकतीस वर्षांत ती कुणाच्याही तोंडून बाहेर पडलेली नाही. ती म्हणजे ओपडाल बाईंच्या गोष्टीचं शेवटचं पान. या गावाबद्दल मी फारसं चांगलं बोलत नाही. पण या एका बाबतीत मी हात जोडतो.

मी लायल, शाळेचा शिपाई. फरशा पुसायच्या, बॉयलर सांभाळायचा, पोरांनी कोंबलेली कपाटं उघडून द्यायची, हे बावीस वर्षं चाललंय. किल्ल्यांचा जुडगा कमरेला असतो आणि शाळेतलं एकही कुलूप मला बंद नाही.

ओपडाल बाई दहावीला इंग्रजी शिकवतात. दिसण्यात काही नाही. ठेंगण्या, करडा स्वेटर, वर्गातसुद्धा बर्फातले बूट. आवाजही बेताचाच. पण ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की बारा नंबरच्या खोलीबाहेरची फरशी मला अचानक फार मळलेली दिसू लागते. सहाव्या तासाला मी तिथे फडकं घेऊन हजर असतो. बाईंना ते कळतं. त्या दार थोडं उघडं ठेवतात, आणि शुक्रवारी, फक्त शुक्रवारी, घट्ट लावून घेतात.

गोष्ट साधी आहे. आमच्याच माळावरची, जुन्या काळची. भर दुपारी हिमवादळ सुटलंय. इंगा नावाची बाई घरात एकटी. नवरा गाय बघायला गोठ्यात गेलाय. घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला, कारण अशा वादळात माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो. नवरा-बायकोचं ठरलेलं असतं, की परत निघताना त्यानं दोराला दोन हिसके द्यायचे. सकाळीच शेरीफ सांगून गेलाय, की तुरुंगातून एक माणूस पळालाय आणि तो याच बाजूला आहे. इंगा दोरावर हात ठेवून उभी आहे. बराच वेळ काही नाही. मग हिसका येतो. एकच.

हे बाई चार दिवस पुरवतात. सोमवारी फळ्यावर मधोमध रेघ ओढतात. डावीकडे लिहितात, आपल्याला काय माहीत. उजवीकडे, इंगाला काय माहीत. पोरं एकेक वाक्य शोधून सांगतात आणि बाई ते योग्य बाजूला लिहितात.

"जीव कुठे टांगला जातो, बघा," त्या म्हणतात आणि खडू त्या रेघेवर टेकवतात. "इथे. एका बाजूला माहीत आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, त्याच्या मधोमध."

यंदाच्या वर्गात कोडी नावाचा एक वात्रट आहे. तो म्हणाला, "बाई, मला वाटतं हिसका गायीनं दिला."

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. "पुरावा?"

"अं?"

"पुस्तकातलं वाक्य दाखव. गाय सुटी आहे असं कुठे म्हटलंय?"

कोडी पान उलटायला लागला आणि तास संपेपर्यंत उलटत राहिला. ज्या पोरानं गणिताचं पुस्तक महिनाभर उघडलेलं नाही, तो गायीचा दोर सुटा होता का बांधलेला, यासाठी तीन पानं चाळतोय! मी फडकं पिळायचं विसरलो.

गुरुवारी बाई वाचतात ती शेवटची ओळ अशी: 'इंगानं सुरी दोरावर ठेवली आणि'. तिथेच घंटा होते. पुढे पानच नाही. सव्वीसच्या सव्वीस पुस्तकांतलं शेवटचं पान बाईंनी पात्यानं कापून काढलंय. त्यांच्या पहिल्या वर्षी एका शहाण्यानं सोमवारीच पुढचं वाचून शेवट ओरडून सांगितला होता, त्याच्या पुढच्या वर्षीपासून हे सुरू झालं. मुख्याध्यापकांनी शाळेची पुस्तकं फाडली म्हणून झापलं, तर बाई म्हणाल्या, "फाडली नाहीत. थोडी लांबवलीत." पानं पाकिटात, पाकीट टेबलाच्या खणात, खणाला कुलूप. शुक्रवारी जो जागेवर बसलेला असेल त्याला पान मिळणार. आजारी पडलास तर पुढच्या वर्षीच्या शुक्रवारी ये. लोक आलेही आहेत.

या वर्गात मॅरिट फॉस होती. मंगळवारी तिला सोळावं पूर्ण झालं, म्हणजे कायद्यानं शाळा सोडायला मोकळी. पश्चिमेला तेलविहिरींवरच्या कामगारांच्या खानावळीत तिच्या मावसबहिणीनं तिला काम बघून ठेवलं होतं. आईनं सही दिली होती. आता शाळा सोडायची तर आमच्याकडे एक कागद असतो. सातही शिक्षकांकडे जायचं, पुस्तक परत करायचं, 'पुस्तक पूर्ण व सुस्थितीत मिळाले' याखाली सही घ्यायची. गुरुवारच्या घंटेनंतर मॅरिट सहा सह्या घेऊन बाईंसमोर उभी राहिली. मी दारातच होतो.

बाईंनी पुस्तक घेतलं आणि मागून उघडलं. "शेवटचं पान नाहीये यात."

"कुणाच्याच नाहीये! तुम्हीच कापलंय!"

"कुणी का कापेना. कागदावर 'पूर्ण' लिहिलंय. खोट्यावर मी सही करत नाही."

"मग द्या ना पान."

"उद्या, सहाव्या तासाला. जागेवर बसलेल्यांना."

"बाई, उद्या बाराला गाडी येणारे मला न्यायला!"

"मग जा," बाई शांतपणे म्हणाल्या. "सहीशिवाय जा. तुला अडवलंय कोणी?"

मॅरिट बाहेर आली आणि तिनं पहिल्याच कपाटाला लाथ घातली.

"ते मी जुलैत रंगवलंय," मी म्हणालो.

"रंगवा परत!" डोळे भरले होते, पण पोरगी कडक. "लायल, तुम्हीच सांगा. दोर कापते का ती? अख्ख्या गावाला माहितीये. आई तिच्या वर्षीच्या शुक्रवारी वर्गात होती, तिलापण माहितीये, आणि सांगत नाही. सख्खी आई!"

तेव्हा मी जे बोललो ते बायकोलासुद्धा कधी बोललो नव्हतो. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"चेष्टा करू नका."

"मी बाईंच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होतो. गुरुवारी सोळाचा झालो. तुझ्यासारखाच कागद घेऊन गेलो आणि हेच ऐकलं. पुस्तक आणि कागद टेबलावर आपटले आणि विहिरींवर निघून गेलो."

तिनं माझ्या कमरेच्या जुडग्याकडे पाहिलं. "त्या खणाची किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"बावीस वर्षं?"

"बावीस वर्षं."

"आणि कॅफेत सगळे त्या गोष्टीवरून एकमेकांकडे बघून हसतात, तेव्हा?"

"मान डोलावतो."

एवढ्या रडण्यातही ती फस्सकन हसली. मग तिनं विचारलं, "का नाही उघडला?"

ते पान जागेवर बसून मिळवायचं होतं आणि मी जागा सोडली होती. किल्लीनं काढलं असतं तर मला फक्त शेवट कळला असता. मी तिला एवढंच सांगितलं, की पहिला महिना आठवणही झाली नाही. मग विहिरीवर पहिलं वादळ आलं, कामगारांच्या एका खोलीपासून दुसरीपर्यंत आम्ही दोर बांधला, आणि तो हातात धरला तेव्हा मला इंगा आठवली. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तो दोर कधी कापतो, कधी ठेवतो. काहीही केलं तरी मन मानत नाही.

मॅरिट निघून गेली. शुक्रवारी सव्वाबारा वाजता मी जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. ती बॅग घेऊन लाल पिकअपमध्ये चढली आणि गाडी पश्चिमेला वळली. मी तिथेच पायरीवर बसलो. मला वाईट वाटलं, आणि राग आला. बाईंचाच आला. एक सही दिली असती तर काय बिघडलं असतं, पोरगी निदान हसून तरी गेली असती.

सहावा तास एक चाळीसला सुरू होतो. मी बाहेर उभा. बाई दार लावायला आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि दार उघडंच ठेवून मागे वळल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खणातून पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

"बाई, वाटा ना!" कोणीतरी म्हणालं.

"एक जण यायचंय."

"मॅरिट? ती गेली बाई, मी पाहिलं," कोडी म्हणाला.

"बरं."

बाई हलल्या नाहीत. दोन वाजायला आले. पोरं आधी कुजबुजली, मग चुळबुळली, मग हळूहळू गप्प झाली. मी या शाळेत बास्केटबॉलचे सामने पाहिलेत, शोकसभा पाहिल्यात, पण तेवीस पोरांचा एवढा सन्नाटा पाहिला नाही. एकानंही मोबाईल काढला नाही. तेवढ्यात कोडी उठला. न विचारता फळ्यापाशी गेला, मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं: मॅरिट गेली. उजवीकडे लिहिलं: बाईंना काय माहीत? आणि जागेवर जाऊन बसला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. म्हणजे त्यांनाही काही माहीत नव्हतं. सगळ्या वर्गाबरोबर त्याही दोर धरून उभ्या होत्या, आणि घंटेला वीस मिनिटं उरली होती.

आमचं समोरचं दार कायम बंद असतं. बाहेरच्यानं बटण दाबायचं, ऑफिसातल्या डार्लीननं उघडायचं. डार्लीन त्या दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती.

दोन वाजून बारा मिनिटांनी बटण वाजलं. एकदाच.

तेवीस माना दाराकडे वळल्या. मी या वयात, या गुडघ्यांनी, तो अख्खा व्हरांडा पळत पार केला.

मॅरिट होती. नाक लाल, बॅग खांद्यावर. मागे पिकअप धूर सोडत उभी, आणि मावसबहीण खिडकीतून ओरडत होती, "दहा मिनिटं म्हणजे दहाच हं! साठ मैलांवरून परत आणलंय मला बयेनं!"

"झालं का वाचून?" मॅरिटनं मला विचारलं.

"तुझ्यासाठी थांबलेत," मी म्हणालो. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ती जागेवर बसली. पाकीट उघडताना बाईंनी एकदा डोळे पुसले. एकेक पान प्रत्येकाच्या पुढ्यात गेलं. मग त्या दाराशी आल्या आणि मला म्हणाल्या, "लायल, मागे एक खुर्ची रिकामी आहे."

"बाई, मी कामावर आहे."

"बस."

मी बसलो. गुडघे बाकात मावेनात. त्यांनी माझ्यापुढे पान ठेवलं. कडेला पात्याची जुनी रेघ, कागद पिवळा पडलेला. मी वाचलं. काय झालं ते मला विचारू नका. हेलमरचा नियम आहे. एवढंच सांगतो, की मी एकतीस वर्षं जे जे शेवट लावले त्यातला एकही तो नव्हता. आणि वाचल्यावर पहिल्यापासून सगळं तसंच लिहिलेलं होतं, हे दिसलं. पुढच्या बाकावरचा कोडी नुसता "अरे देवा, गाय," असं पुटपुटत होता. बाकी वर्गातलं कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

बाहेर भोंगा वाजला. मॅरिट उठली. पान पुस्तकात ठेवलं, पुस्तक आणि कागद दोन्ही बाईंसमोर ठेवलं. "आता पूर्ण आहे," ती म्हणाली. "सही करा."

बाईंनी पेन काढलं आणि सही केली. शब्द म्हणजे शब्द.

मॅरिटनं सही पाहिली. सात झाल्या. ती कागद हातात धरून उभी राहिली. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. तिनं कागदाची घडी घातली. मग दुसरी. मग तिसरी, आणि तो खिशात टाकला.

"सोमवारी कुठली गोष्ट आहे?" तिनं विचारलं.

"सोमवारी कळेल," बाई म्हणाल्या.

मॅरिट खिडकीशी गेली आणि मावसबहिणीला हातानं सांगितलं, जा. मावसबहिणीनं दोन्ही हात वर केले, काहीतरी ओरडली, ते काचेतून ऐकू आलं नाही, आणि बरंच झालं.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. मी बाकातून स्वतःला कसंबसं सोडवत होतो. बाईंनी खणाच्या तळातून एक कागद काढला. कडा झिजलेल्या, घड्या पडलेल्या जागी चिरलेला. वर माझं नाव, माझ्या सोळाव्या वर्षाच्या अक्षरात. सहा सह्या. सातवी जागा रिकामी.

"तुझं पुस्तकही आज पूर्ण झालं," त्या म्हणाल्या. पेन त्यांच्या हातात होतं. "करू सही?"

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. एकतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की मी दहावीत शाळा सोडली. पण ही जागा रिकामी, म्हणजे कागदावर मी ती कधी सोडलीच नव्हती.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या."