इश्वर टेलरचं एकच गिऱ्हाईक

करडी गावच्या इश्वर टेलरइतका निवांत दुकानदार मी पाहिला नाही, आणि त्याच्या त्या निवांतपणाचा मला भयंकर राग यायचा. अठ्ठ्याहत्तर साली त्याला तुमसरचे टेकचंद शेट भेटले. शेट राईस मिलच्या चौकीदारांना वर्द्या पुरवायचे. खाकी कापड शेटचं, दोरा शेटचा, बटणं शेटची आणि शिवलेली वर्दी नेणारेही शेटच. गावातलं कोणी कापड घेऊन आलं, की इश्वर मान वर न करता म्हणायचा, "टाइम नाई."

"अरे, उद्या शेटनं तोंड फिरवलं तर?" मी विचारायचो.

"मास्तर, दहा जणाची कटकट कायले? एक शेट, एक रंग, मापं तीन. बारका, मोठा अन् ढेरीवाला."

सहा वर्षं हे सुख चाललं. मग शेट नागपूरहून तयार वर्द्या आणू लागले. गिऱ्हाईक गेलं आणि त्याच दिवशी कापड, दोरा, बटणंही गेली. गावानं तर केव्हाच दुसरे टेलर धरले होते. बायको शकुंतलाबाई रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, मजुरीनं जाऊ लागली. शेवटी इश्वरनं मशीन विकायला काढली, तेव्हा मात्र माझा राग गेला.

"इकाच्या आधी एक तरी पोलकं शिवून पाहा जी," शकुंतलाबाई म्हणाली आणि सोबत रोवणा करणाऱ्या मंगलाबाईचं लाल फुलांचं कापड तिनं त्याच्यापुढं टाकलं.

इश्वरनं शिवलं. गळा बरा, बाह्या बऱ्या. पण सहा वर्षांची सवय हाताला! छातीवर झाकणाचे दोन खिसे, खांद्यांवर पट्ट्या आणि शिट्टी अडकवायला फीत.

"काहून गा इश्वर, मी का मिलवर पहारा देऊन राहिली का?" मंगलाबाई भर चौकात ओरडली. गाव पोट धरून हसलं. इश्वर दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

पण बाईकडं दुसरं धड पोलकं नव्हतं. तेच घालून ती रोवण्याला गेली. रोवताना वाकलं की कमरेला खोचलेली तंबाखूची डबी भाताच्या बांधीतल्या पाण्यात पडायची, हे सगळ्याच बायांचं दुखणं. मंगलाबाईची डबी मात्र बटण लावलेल्या खिशात कोरडी राहिली. दुपारी शेताच्या धुऱ्यावर सगळ्या तिच्यापुढं तंबाखूसाठी हात पसरून बसल्या. संध्याकाळी दुकानापुढं पाच जणी उभ्या.

"शिट्टी नको, पट्ट्या नको. खिसा पायजे!"

मशीन राहिली. पुढं शेजारच्या गावांतूनही कापडं येऊ लागली.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात टेकचंद शेट स्कूटरवरून उतरले. या खेपेच्या तयार वर्द्या महिन्यातच उसवल्या होत्या म्हणे. "दीडशे वर्द्या, कापड सोबत आणलंय. पण दिवाळीपर्यंत दुसरं काम घ्यायचं नाही."

इश्वरचा हात गठ्ठ्याकडं गेलाच. मी कपाळाला हात लावला. बाकावर बसलेली मंगलाबाई इश्वरकडं बघत राहिली.

"करतो शेटजी," इश्वर म्हणाला, "पण नंबरानं. आधी एकोणतीस पोलकी आहेत."

"अन् मी थांबलो नाही तर?"

इश्वरनं गठ्ठ्यावरचा हात काढून कात्री उचलली.

"तर तिसावी बाई येईन."

शेटनी एकदा स्कूटरकडं पाहिलं, एकदा गठ्ठ्याकडं. मग मंगलाबाईनं थोडं सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.